शेवग्यावरचे तीन पोपट

सांगूनच टाकते. चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीतल्या सव्वीस मुलांची उंची मी एका दुपारी चुन्यानं पुसून टाकली होती. चुन्याचे दोन हात आणि त्यात थोडी नीळ. पहिल्या हातातून काही डोकावलंच, तर ते दुसऱ्यानं झाकलं जावं, एवढा विचार मी केला होता. तेव्हा मी चाळिशीची होते, महिला मंडळाची नवीन सेक्रेटरी होते आणि मला सगळं कळत होतं. आता मी अडुसष्ट वर्षांची आहे, मला फारसं काही कळत नाही, आणि त्यामुळे आमच्या घरात बरीच शांतता असते.

उंची पुसली कशी जाते, हे सांगायचं तर आधी तुळसाक्कांबद्दल सांगायला हवं.

ह्यांची बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो. सासूबाई बरोबर होत्याच. पहिल्या सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर समोरच्या पिठाच्या गिरणीच्या दारात एक जेमतेम पाच फुटांची, साठीला टेकलेली बाई स्टुलावर उभी. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला, आणि अंबाड्यात गजऱ्याशेजारी चक्क एक ब्रश. ती गिरणीचा बोर्ड रंगवत होती. आता मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट अशा दोन्ही परीक्षा पास झालेली, इंटरमीजिएटला तर बी ग्रेड. गप्प कशी बसणार? मी खालून सुचवलं, की अक्षरांना जरा सावली दिलीत तर उठाव येईल.

बाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख पिवळंधमक होतं. रंग आधी त्या नखावर लावून बघायचा, मग बोर्डावर, ही त्यांची पद्धत. "सावली मलाच दे की," त्या म्हणाल्या. "मघापासून उन्हात उभी आहे मी."

मी मुकाट्यानं घरातून छत्री आणली आणि अर्धा तास धरून उभी राहिले. दूध राहिलंच.

अक्कांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, पण त्या मराठीत निम्मं कन्नड विरघळलेलं. "स्वल्प थांब गं", "सरी, ये की", असं बोलायच्या; स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं. मी आपली त्यांना शुद्ध मराठी शिकवायला निघाले. सहा महिन्यांत त्यांचं होतं तसंच राहिलं आणि माझं बिघडलं. मी एकदा पुण्याचा फारच अभिमान दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आमचे लोक घोड्यावरून आले, तू रात्रीच्या बसनं आलीस. फरक तेवढाच की." त्या दिवशी त्यांनी माझं नाव पुणेक्का ठेवलं. खरं नाव गल्लीत फक्त पोस्टमनला माहीत होतं.

त्यांच्या यजमानांचं बोर्ड रंगवायचं दुकान होतं. ते गेल्यावर अक्कांनी ब्रश हातात घेतला. कन्नड, मराठी, इंग्रजी लिहायच्याच. उर्दू येत नव्हतं, पण कुणी कागदावर लिहून दिलं की बघून असं वळणदार उतरवायच्या, की मशिदीजवळचे अत्तरवाले त्यांनाच बोलावत. पुढे छापील प्लास्टिकचे बोर्ड आले आणि काम आटलं. मी हळहळले, तर अक्का म्हणाल्या, बरं झालं, आता गल्लीचं काम करायला सवड मिळेल.

गल्लीचं काम म्हणजे काय, ते मला हळूहळू दिसत गेलं. पोस्टातून रिटायर झालेले एक अण्णा होते, डोळ्यांत मोतीबिंदू. ते पायरी न दिसून पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो, तर गल्लीतल्या प्रत्येक घराच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पांढरा पट्टा. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. कोपऱ्यावरच्या घराचे मालक तणतणत आले. त्यांच्या लालचुटूक पायऱ्या नुकत्याच घोटून घेतलेल्या. अक्कांनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि म्हणाल्या, "वाळू दे की. मग भांडू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी रागावून आलं, रडत आलं, नवऱ्याशी भांडून आलं, की "वाळू दे की". मी एकदा सासूबाईंशी कडाकडा भांडून, माहेरी जायचं ठरवून, आधी अक्कांकडे गेले होते. त्यांनी हातात ब्रश दिला आणि एक पाट रंगवायला लावला. पहिला हात देऊन झाला. मी म्हटलं, निघते. म्हणाल्या, दुसरा हात द्यायचाय, पहिला वाळल्याशिवाय देता येत नाही. तीन तास बसले. दुसरा हात देऊन झाला तोवर भांडण कशावरून झालं होतं तेच आठवेना, आणि सासूबाई मला जेवायला बोलवायला आल्या.

सासूबाईंवरून आठवलं. गल्लीच्या तोंडाशी लोक कचरा टाकत. टाकणाऱ्यांत मीही होते. नारळाच्या करवंट्या बहुतेक माझ्याच. असल्या ठिकाणी भिंतीवर देव काढायची रीत आहे, मंडळानं अक्कांना तसं सुचवलंही. अक्कांना ते पटलं नाही. देवाला असल्या वासात कशाला बसवायचं, म्हणाल्या. त्यांनी चार दिवस खपून तिथे गल्लीतल्या पाच सासवा काढल्या. एका बाकावर ओळीनं बसलेल्या, हुबेहूब. आमच्या सासूबाई डावीकडून दुसऱ्या: चष्मा नाकावर उतरलेला, नजर थेट रस्त्यावर. मी सकाळी करवंट्यांची पिशवी घेऊन गेले आणि पिशवी घेऊन परत आले. सासूबाईंनी "माझं नाक एवढं मोठं नाही" म्हणून तक्रार केली. पण रोज देवळातून येताना पदरानं चित्रातला स्वतःचा तेवढा चष्मा पुसून यायच्या. तिथे पुन्हा कचरा पडला नाही.

असा सगळ्या गल्लीचा संसार सांभाळणाऱ्या या बाईचा जीव मात्र अडकलेला होता एका जागी. वेणूत.

वेणू म्हणजे अक्कांच्या मुलाची, श्रीनिवासची, मुलगी. श्रीनिवास आणि त्याची बायको दोघंही कारखान्यात, पाळ्या वेगवेगळ्या. त्यामुळे वेणू वाढली ती अक्कांच्या कडेवर, आणि चालायला लागल्यावर त्यांच्या स्टुलाखाली. लाडाचं बोलणं अक्कांना जमायचं नाही. पण सकाळी हातातलं काम टाकून तिची वेणी घालायच्या, त्यामुळे त्या पोरीच्या केसांत कधी हिरवी बट असायची, कधी निळी. शाळेत बाईंनी विचारलं, तर वेणू म्हणाली, "आमच्या अज्जीचा हात लागला की असंच होतं."

आठ वर्षांची होती ती, आणि दिसायची पाच-सहाची. अक्कांना तो घोर लागून राहिला होता. श्रीनिवासला त्या सांगायच्या, की पोर वाढत नाही. तो हसायचा. "अम्मा, आपल्या घरात उंच कोण आहे? तुला स्वतःला पिठाच्या गिरणीचा बोर्ड रंगवायला स्टूल लागतं." यावर अक्कांचं उत्तर तयार होतं. पण ते भिंतीवर होतं, आणि भिंतीकडे बघायला त्याला वेळ नव्हता.

ती भिंत म्हणजे मंडळाच्या हॉलची गल्लीकडची लांब भिंत. तिच्यावर अक्कांनी ऑइल पेंटमध्ये झाडं काढली होती. नारळ, केळ, पपई, फणस, शेवगा, अशी कितीतरी, सगळी एका रांगेत. आणि प्रत्येकावर पक्षी. मला ती भिंत पहिल्या दिवसापासून खुपायची. कारण प्रमाण नव्हतं. नारळ केळीपेक्षा बुटका, फणस पपईच्या कमरेएवढा. पक्षी तर कुठेही बसलेले. शेवग्यावर खालचे पोपट ऐसपैस, चार-चार बोटांवर, आणि वरचे तीन एकमेकांच्या शेपटीवर बसल्यासारखे. मी अक्कांना एकदा सांगितलंही, की पोपट असे गर्दी करून बसत नाहीत, रचनेत मोकळी जागा हवी.

अक्का त्या तीन पोपटांकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "मी पण तेच म्हणते की, पुणेक्का. जागा का नाही?"

मला वाटलं, माझी सूचना पटली.

खरी गोष्ट अशी होती, आणि ती मी सोडून सगळ्या गल्लीला माहीत होती. युगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, सकाळी कडुलिंब-गूळ तोंडात टाकला, की गल्लीतली सगळी मुलं त्या भिंतीपाशी जमायची. घरी कुठली का भाषा बोलेनात. चप्पल काढायची, टाचा भिंतीला टेकवायच्या, डोक्यावर शाळेची दगडी पाटी आडवी धरायची, पाटीखाली खडूची रेघ ओढायची. त्या रेघेवर त्या मुलाच्या झाडावर अक्का एक पक्षी काढायच्या. झाड ज्यानं त्यानं पहिल्या वर्षी निवडायचं. नाव नाही, तारीख नाही. ज्याचं झाड त्याला ठाऊक. म्हणून नारळ बुटका होता. तो तीन वर्षांच्या मुलाचा होता.

आणि मी दर पाडव्याला पुण्यात. गुढी उभारायची ती पुण्यातच, हा माझा हट्ट. तीन वर्षांत तो सोहळा मी एकदाही पाहिला नव्हता. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती कुणी कुणाला सांगत नाही.

त्या वर्षी मी सेक्रेटरी झाले आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पाहुण्या म्हणून पुण्याच्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना बोलावलं. त्या लेकीकडे इथे आल्या होत्या. बोलावून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाई येणार त्या भिंतीवरूनच. त्यांनी ते प्रमाण पाहिलं, तर माझ्या बी ग्रेडचं काय राहणार?

हळदीकुंकवाच्या चार दिवस आधी, अक्का घरी नाहीत असं बघून नव्हे, पण त्या नव्हत्या हे सोयीचंच वाटून, मी चुना देणाऱ्या मुनियप्पाला बोलावलं. त्यानं भिंत पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, की हा ऑइल पेंट आहे, यावर चुना धरणार नाही. मी म्हटलं, चुना मी जन्मापासून बघतेय, आमच्या पुण्यात चुनाच देतात. मग त्यानं विचारलं, तुळसाक्कांना विचारलंत का? मी म्हटलं, भिंत मंडळाची आहे. "सरी," मुनियप्पा म्हणाला. बाईमाणसाशी वाद घालण्यापेक्षा भिंत रंगवलेली बरी, असा तो सरी होता. मुलं शाळेत, मोठी माणसं कामावर. चैत्राचं ऊन. तीनच्या सुमाराला दुसरा हात संपत आला. बगळ्याच्या पंखासारखी भिंत झाली होती. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले, कौतुकाची वाट बघत.

चारच्या आसपास रिक्षा आली. आतून अक्का उतरल्या, मागोमाग वेणू, तिच्या हातात दोऱ्याचं रीळ. त्या दिवशी अक्का कुणाला न सांगता नातीला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेल्या होत्या. सकाळी सातपासून रांगेत. डॉक्टर म्हणाले होते, बुटकं असणं हा काही आजार नव्हे. वाढता वाढता थांबली असेल तर गोष्ट वेगळी. दर वर्षी किती वाढली त्याची काही नोंद आहे का? असेल तर परवा घेऊन या, आई-बापांपैकी एकाला आणा. नसेल तर आज मोजतो, वर्षभर थांबू, पुन्हा मोजू. अक्कांनी सांगितलं होतं, नोंद आहे. बाहेर येऊन रीळ विकत घेतलं होतं, भिंतीवरून माप उतरवायला.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं, की अक्का पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. पुढे झाल्या आणि शेवगा होता त्या जागी तळवा टेकवला. तळवा पांढरा झाला. मग माझ्याकडे वळल्या.

"इथे माझी वेणू होती, पुणेक्का."

वेणूनंच मग मला सगळं सांगितलं, भराभर, डॉक्टरांच्या वर्षभर थांबण्यासकट. मी आयुष्यात खूपदा खजील झाले आहे, पण पायाखालची जमीन म्हणतात ती त्या दिवशी हलली. आठ वर्षांच्या पोरीचं एक वर्ष मी स्वच्छतेच्या नावाखाली बुजवून टाकलं होतं. मी रडायला सुरुवात केली. आता त्या नेहमीचं वाक्य म्हणतील, असं मला वाटलं.

अक्का ओरडल्या. त्यांना ओरडताना मी पहिल्यांदा ऐकत होते. "वाळू देऊ नका!"

मुनियप्पा शिडीवरून उडी मारूनच उतरला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, असं तो कन्नडमध्ये मला, वेणूला आणि रिक्षावाल्याला पुनःपुन्हा सांगत होता. पाण्याच्या बादल्या आल्या, नारळाच्या शेंडीचे बोळे आले. दुसरा हात ओला होता, तो धुपून गेला. पहिला मात्र उन्हानं काही ठिकाणी धरून बसला होता. खरवडावं तर खालचा रंग निघायची भीती. अक्का बोटांनी चाचपत म्हणत होत्या, हळू, हळू. तेवढ्यात आमच्या सासूबाई गच्चीवरून म्हणाल्या, "पातेल्याला चुना धरला की काय लावतेस गं? चिंच लाव की." त्याही बिघडल्या होत्या.

घराघरातून चिंचेचं पाणी निघालं. त्या दिवशी गल्लीत एकाही घरी सारू झालं नाही. चिंचेनं चुना सुटायला लागला. शाळा सुटली आणि मुलं आली, त्यांनी दप्तरं टाकली आणि जो तो आपापल्या झाडाला भिडला. माझी केळ दिसली, माझी पपई आली, अशी आरडाओरड. मी बादल्या वाहत होते. दुसरं कुठलंही काम मला कुणी देईना, आणि ते बरोबरच होतं.

श्रीनिवास पहिल्या पाळीहून आला. काय चाललंय ते त्याला कळेना. कुणीतरी हातात बोळा दिला आणि मोकळ्या जागेपाशी उभं केलं. ती जागा शेवग्याची होती. तो वरून खाली पुसत आला. एक पोपट निघाला. लगेच खाली, एका बोटावर, दुसरा. पुन्हा एका बोटावर तिसरा. मग तो पुसत राहिला, पुसत राहिला, आणि चौथा येईना. चार बोटं खाली गेल्यावर आला. पाचवाही तितकाच खाली. श्रीनिवास थांबला. त्यानं वरच्या पोपटांच्या मध्ये आपलं बोट आडवं ठेवून पाहिलं, मग खालच्यांच्या मध्ये चार बोटं. पुन्हा वर. त्याची मुलगी शेजारी उभी होती, डोक्यानं सगळ्यात वरच्या पोपटाला टेकलेली.

"अम्मा, हे कधीपासून?"

"तीन युगादी झाल्या," अक्का म्हणाल्या. "तुला दाखवत होते की."

वेणूनं त्याला डॉक्टरांचं परवाचं बोलावणं सांगितलं. त्यानं बोळा पिळून खाली ठेवला आणि म्हणाला, परवा मी रजा टाकतो.

दिवे लागायच्या आत अक्कांनी शेवग्यावरून दोरा सोडला, जमिनीपासून वरपर्यंत, आणि प्रत्येक पोपटाशी एक गाठ मारली. सात गाठी. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तो दोरा टेबलावर सरळ पसरला, पट्टी लावली, खालच्या गाठी मोजल्या, वरच्या मोजल्या, आणि वर्षभर थांबायचं नाव न काढता रक्त तपासायला लिहून दिलं. थायरॉइडचं निघालं. गळ्यातली ती ग्रंथी दोन-अडीच वर्षं आळसावून बसली होती. उपाय काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. एवढीशी, तिळाहून थोडी मोठी. श्रीनिवासनं ती तळहातावर घेऊन आम्हा सगळ्यांना दाखवली होती.

हळदीकुंकवाला चित्रकलेच्या बाई आल्या. भिंतीवर पांढरे ओघळ होतेच. मी कैरीच्या डाळीचा आग्रह करत होते आणि बाई भिंतीपाशी उभ्या होत्या. बराच वेळ. मग म्हणाल्या, हे काढणारी कोण आहे, तिला भेटव. त्या दोघी हॉलच्या पायरीवर बसून संध्याकाळभर बोलत होत्या. माझ्या बी ग्रेडची चौकशी बाईंनी केली नाही, आणि मीही काढली नाही.

पुढच्या पाडव्याला मी पुण्याला गेले नाही. अक्कांनी मला शिक्षा म्हणून दगडी पाटी धरायचं काम दिलं. मुलांच्या डोक्यावर ती आडवी, सरळ, न दाबता धरायची. वेणू भिंतीला टेकून उभी राहिली. मी पाटी टेकवली. अक्कांनी आधीच्या पोपटापासून बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार. मग पाचवं. मग सहावं. त्यांनी अंबाड्यातला ब्रश काढला, हिरव्यात बुडवला, नखावर लावून पाहिला, आणि हात उचलेना. सगळी मुलं वाट बघत होती. अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. पदर खाली आला तेव्हा गालावर हिरवं लागलं होतं.

"वाळू दे की," त्या म्हणाल्या. कुणाला, ते कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात एक नवा पक्षी आला. पांढराशुभ्र बगळा, मान वाकडी करून झाडांच्या प्रमाणाकडे बघणारा. खाली नाव नव्हतं. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगायचं, की ती पुणेक्का.

पाटी धरायचं काम मग माझ्याकडेच राहिलं. वेणू चौदाव्या वर्षी माझ्या खांद्याच्या वर गेली, आणि एका पाडव्याला मला स्टुलावर चढून तिच्या डोक्यावर पाटी धरावी लागली. आमचं बिऱ्हाड पुढे मुलाबरोबर मारतहळ्ळीला गेलं, अकराव्या मजल्यावर. तिथून चामराजपेटेला यायचं म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाऊन यावं तसं. पण युगादीला मी सकाळी सहालाच कॅबमध्ये बसते. नातू विचारतो, आज्जी, आज तुझी ड्यूटी का? मी म्हणते, जन्मठेप आहे.

ही गोष्ट मी शंभरदा सांगितली असेन, हसवून हसवून. हसवताना एक गोष्ट मात्र गिळत आले. चुना आणखी दोन तास उन्हात राहिला असता तर? अक्कांची रिक्षा रात्री आली असती तर? माफी मी पुष्कळदा मागितली. अक्का दर वेळी म्हणायच्या, बगळ्याला नवीन हात द्यायला झालाय, मळलाय बघ. विषय तिथेच संपायचा.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षीच्या युगादीला. अठ्ठ्याऐंशीच्या होत्या, कमरेत वाकलेल्या, स्टूल सुटलेलं. मुलांचं मोजून झालं तशा स्वतः चप्पल काढून भिंतीपाशी गेल्या. शेवग्यापाशीच. टाचा टेकवल्या, जमेल तेवढ्या ताठ झाल्या आणि मला म्हणाल्या, "धर की." मी पाटी धरली. वेणूच्या अकराव्या वर्षीच्या पोपटाशी ती टेकली. अक्कांनी मागे वळून पाहिलं आणि इतक्या हसल्या, की ठसका लागला. आता मला शाळेत घाला, म्हणाल्या. कापऱ्या हातानं त्यांनी तिथे एक पोपट काढला, जरा फिसकटलेला, मागे वळून बघणारा. मग तो बरा झालाय का, ते बघायला चार पावलं मागे गेल्या. उजव्या हातात ब्रश, नख हिरवं, ऊन तोंडावर. मी माझी छत्री उघडून त्यांच्यावर धरली. दोन महिन्यांनी, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत.

या वर्षी युगादीला मी गेले खरी, पण कॅबमध्येच मनाशी म्हणत होते, आता कोण जमणार. गल्लीत शिरले तर भिंतीपाशी मुलांची रांग. कोरमंगलावरून वेणू आली होती, छत्तीस वर्षांची, माझ्याहून वीतभर उंच, अंबाड्यात अक्कांचा ब्रश खोचून. तिची साडेतीन वर्षांची मुलगी टाचा भिंतीला टेकवून कधीची तयार होती. तिनं पपई निवडली होती. वेणूनं मला पाटी दिली. ती घेताना इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते तोंडून गेलं: तो चुना वाळला असता तर गं?

वेणूनं ब्रश रंगात बुडवला, नखावर लावून पाहिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली:

"अज्जी काय सांगायची ठाऊक आहे, पुणेक्का? म्हणायची, तीन युगादी मी दाखवत होते तेव्हा कुणी बघितलं नाही. पुणेक्कानं पुसलं, तेव्हा कुठे श्रीनिवासनं स्वतःच्या हातानं बघितलं. धर आता पाटी. सरळ धर."